सीमाशुल्काचे अंतरंग – लेखांक ७ : टपालाने येणारे ध्वनियंत्रांचे सुटे भाग

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर शुल्क आकारण्याचा अधिकार शासनाला असला, तरी प्रत्येक लहान पार्सलावर तो बजावणे शासनाला परवडतेच असे नाही; कारण पार्सल उघडणे, वस्तू ओळखणे, तिचे मूल्य ठरवणे आणि रक्कम वसूल करणे यांचा खर्च पुष्कळदा मिळणाऱ्या शुल्काहून अधिक होतो. या व्यवहारी हिशेबातून बहुतेक देशांनी एक किमान मूल्यमर्यादा ठरवली आणि तिच्याखालील वस्तूंना शुल्कातून सूट दिली. घरी ॲम्प्लिफायर जुळवणारा हौशी कारागीर परदेशातून व्हॉल्व्ह, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर मागवताना शुल्क कसे टाळता येईल याचा विचार करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने हीच मर्यादा असते. मात्र ही सवलत प्रशासनाच्या सोयीसाठी जन्माला आली असल्यामुळे, ती शासनाला गैरसोयीची वाटू लागताच मागे घेतली जाते, हे तिच्या इतिहासावरून दिसते.

ब्रिटनमध्ये अल्पमूल्य पार्सलांना मूल्यवर्धित करातून, म्हणजे व्हॅटमधून, सूट होती. तिचा लाभ घेऊन जर्सी व ग्वेर्नसी या चॅनेल बेटांवरून संगीताच्या सीडी आणि डीव्हीडी टपालाने पाठवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि मुख्य भूमीवरील दुकानदारांची तक्रार वाढत गेली. शासनाने नोव्हेंबर २०११ मध्ये ही मर्यादा १८ पौंडांवरून १५ पौंडांवर आणली, १ एप्रिल २०१२ पासून चॅनेल बेटांची सवलत काढून घेतली आणि १ जानेवारी २०२१ रोजी ती सर्वांसाठीच संपवली. अमेरिकेतही १९३८ मध्ये एका डॉलरपासून सुरू झालेली शुल्कमाफीची मर्यादा १९९३ च्या कायद्याने २०० आणि २०१६ मध्ये ८०० डॉलरांपर्यंत गेली. परंतु २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँगच्या मालासाठी आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी ती बंद झाली. या दुसऱ्या निर्णयाचा परिणाम इतका तातडीचा होता की, भारतीय टपाल खात्यालाही अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली.

ब्रिटनमधील सध्याची व्यवस्था या विषयातील बारकावे समजून घेण्यास सोयीची आहे. तेथे १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलावर सीमाशुल्क लागत नाही. मात्र २० टक्के व्हॅट परदेशी विक्रेत्याने किंवा ऑनलाइन बाजारपेठेने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. मूल्य त्याहून अधिक असेल, तर व्हॅट आणि लागू असल्यास सीमाशुल्क आयातीच्या वेळी आकारले जाते आणि ते वसूल करण्याबद्दल टपाल कंपनी आपला हाताळणी आकारही लावते. ही मर्यादा मोजताना वस्तूचे मूळ मूल्य पाहिले जाते. टपालखर्च आणि विमा बीजकावर स्वतंत्रपणे दाखवलेले असतील, तर ते त्यात धरले जात नाहीत, पण एकाच रकमेत मिसळलेले असतील, तर ती सगळी रक्कम वस्तूचे मूल्य ठरते. समजा, ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांचा संच १३० पौंडांचा असून टपालखर्च २५ पौंड आहे. बीजकावर या दोन रकमा वेगळ्या असतील, तर पार्सल मर्यादेच्या आत राहते आणि विक्रेता १५५ पौंडांवर ३१ पौंड व्हॅट घेतो. त्याच विक्रेत्याने ‘टपालखर्चासह १५५ पौंड’ अशी एकच ओळ लिहिली, तर पार्सल मर्यादेबाहेर जाते आणि व्हॅट तितकाच राहूनही सीमाशुल्काची शक्यता, हाताळणी आकार आणि विलंब यांचा भार ग्राहकावर पडतो. बीजक कसे लिहावे, हे विक्रेत्याला मागणी नोंदवण्यापूर्वीच सांगणे हा शुल्क टाळण्याचा पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे.

याउलट, विक्रीच्या मालावर ‘भेटवस्तू’ असे लिहून घेण्याचा सर्रास सुचवला जाणारा उपाय कायद्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूला व्हॅट माफ आहे. परंतु ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, वाढदिवसासारख्या निमित्ताने आणि वैयक्तिक वापरासाठी पाठवलेली असावी लागते. दुकानाने पैसे घेऊन पाठवलेला ट्रान्सफॉर्मर या व्याख्येत कोणत्याही अर्थाने येत नाही. मूल्य कमी दाखवणे तर खोटे घोषणापत्र करण्यासारखेच असून, त्याचा व्यावहारिक तोटाही आहे. कारण पार्सल गहाळ झाल्यास भरपाई मागताना घोषित केलेलीच रक्कम आडवी येते.

मूल्यानंतरचा प्रश्न वर्गीकरणाचा असतो. १९८८ पासून अमलात असलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टीम या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत प्रत्येक वस्तूला सहा अंकी संकेतांक असतो आणि शुल्काचा दर त्यावरून ठरतो. ध्वनियंत्राचे सगळे सुटे भाग एका शीर्षाखाली येत नाहीत : लाउडस्पीकर व ॲम्प्लिफायर ८५१८ मध्ये, कपॅसिटर ८५३२ मध्ये, रेझिस्टर ८५३३ मध्ये, व्हॉल्व्ह ८५४० मध्ये, ट्रान्सफॉर्मर ८५०४ मध्ये, तर एकात्मिक परिपथ, म्हणजे आयसी, ८५४२ मध्ये मोडतात. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे कपॅसिटर, रेझिस्टर आणि आयसी यांवरील सीमाशुल्क सहभागी देशांत शून्यावर आले आणि २०१५ मध्ये ५३ सदस्यांनी मान्य केलेल्या विस्तारित यादीत लाउडस्पीकर व ॲम्प्लिफायर यांचाही समावेश झाला. म्हणून पार्सलावरील सीएन २२ या सीमाशुल्क चिठ्ठीवर ‘इलेक्ट्रॉनिक भाग’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, २० नग, ८५३२.२२’ असा तपशील, मूल्य आणि उत्पादक देश यांसह लिहिलेला असेल, तर शून्य दराची वस्तू चुकून अधिक दराच्या शीर्षात ढकलली जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

भारतातील हौशी कारागिराला मात्र या वर्गीकरणाचा लाभ सहजासहजी मिळत नाही. भारत १९९६ च्या करारात आहे, परंतु २०१५ च्या विस्तारात सामील झालेला नाही. शिवाय भारतीय सीमाशुल्क दरपत्रकातील ९८०४ हे शीर्ष टपालाने किंवा हवाई मार्गाने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या शुल्कपात्र वस्तूंसाठी असून, इतरत्र अधिक नेमके शीर्ष उपलब्ध असले तरी ९८ वे प्रकरणच लागू धरावे, असे त्या प्रकरणाची टीप सांगते. परिणामी, नियमित व्यापारी आयातीत मूळ सीमाशुल्क शून्य असलेला कपॅसिटर मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाकघरात एखाद्या व्यक्तीच्या नावे आला, तर त्याला वैयक्तिक आयातीचा सरसकट दर लागू शकतो. भेटवस्तूचा मार्गही १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने जवळजवळ बंद झाला आहे; जीवनरक्षक औषधे आणि राखी यांखेरीज टपालाने वा कुरियरने येणारी वस्तू भेट म्हणून शुल्कमुक्त सोडवता येत नाही. मोजक्याच भागांची गरज असलेल्या कारागिराला, घाऊक आयात करून रीतसर शुल्क भरणाऱ्या देशी विक्रेत्याकडून ते घेणे म्हणूनच अनेकदा स्वस्त पडते. कारण मालाच्या किमतीच्या मानाने परदेशी टपालखर्च मोठा असतो आणि मूल्य ठरवताना तोही हिशेबात येतो.

अल्पमूल्याची सवलत जगभर आटत चालली आहे. युरोपीय संघाने १ जुलै २०२६ पासून १५० युरोंखालील पार्सलांतील वस्तूंवर ३ युरोंचे ठोक शुल्क लावण्याचे ठरवले आहे आणि ब्रिटननेही १३५ पौंडांची शुल्कमाफी उशिरात उशिरा मार्च २०२९ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले आहे. मर्यादेच्या आत राहण्याची हिकमत त्यामुळे हळूहळू निरुपयोगी ठरेल. परंतु वस्तूचे अचूक वर्णन, योग्य संकेतांक आणि रकमांची फोड दाखवणारे बीजक यांचे महत्त्व मात्र वाढेल, कारण प्रत्येक पार्सलावर आकारणी होऊ लागल्यावर ती योग्य दरानेच होते की नाही, हाच ग्राहकाच्या हिताचा मुख्य मुद्दा उरेल. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवून परत आणलेल्या यंत्रांवरील आकारणीचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.