वर्गातील हवा कोणाच्या खात्यावर?

शिक्षणाच्या दर्जाविषयी आपल्याकडे चर्चा पुष्कळ होते. अभ्यासक्रम, परीक्षापद्धती, रिक्त पदे, अनुदान या साऱ्यांचा ऊहापोह वर्षानुवर्षे चालू आहे. परंतु ज्या चार भिंतींत हे शिक्षण दिले-घेतले जाते, तेथील हवा श्वसनास योग्य आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. दिवसाचे ५ तास वर्गात काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या फुप्फुसांतून, या हिशेबाने, सुमारे २,००० लिटर हवा जाते. एखादे पुस्तक वाचावे की न वाचावे, हे त्याच्या हाती असते. ही हवा मात्र त्याला घ्यावीच लागते.

या हवेतील धूलिकणांचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांत रस्त्यावरची व बांधकामाची धूळ येते, तशीच खडूची भुकटीही. हे कण खाली बसतात खरे. पण कोरड्या झाडूने आणि पन्नास-साठ जणांच्या पायांनी ते पुन्हा उडतात. २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण अधिक घातक. मानवी केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. वाहनांचा धूर, कोळसा व कचरा यांच्या ज्वलनातून निघणारे हे कण बंद खिडकीच्या फटींतूनही आत येतात आणि फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हवेतील कणप्रदूषणाचा समावेश कर्करोगकारकांत केला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपले मानक आठपट सैल. आणि तेही केवळ मोकळ्या हवेसाठी! शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ म्हणून राखता येईल, अशी तरतूद २००० च्या नियमांत आहे. १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. विद्यार्थ्याच्या कानांची काळजी वाहणाऱ्या कायद्याला वर्गात बसलेल्या त्याच्या फुप्फुसांचा विसर पडावा, हे विचित्रच म्हणावे लागेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही ‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना शिकवतो. एकाच्या व्यवहाराची किंमत त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्याने मोजणे, हा तिचा आशय. आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात तिच्या विवेचनासाठी कारखान्यांच्या धुराचाच दाखला दिला होता. हमरस्त्यावरील महाविद्यालयाचा वर्ग हे त्याचे जिवंत उदाहरण होय. वाहनचालकाच्या हिशेबात त्या वर्गातील खोकला कोठेच जमेस धरला जात नाही. ज्यांना परवडते ते घरी हवा शुद्ध करणारे यंत्र बसवतात. ज्याला ते परवडत नाही, त्याने काय करावे? नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणामुळे दिल्ली विद्यापीठाला वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. एका खोलीत पाच माणसे राहतात, त्या घरातील विद्यार्थ्यावर या उपायाचा भार सर्वांत अधिक पडतो, हे उघड आहे.

यावर ‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न ठरलेलाच. पण पहिली पावले फार खर्चाची नाहीत. वर्ग सुरू होण्यापूर्वी, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. डस्टर वर्गाबाहेर झटकावे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्येच बंदी घातली असून किमान ५,००० रुपये दंड सांगितला आहे. तेव्हा आवारातला पालापाचोळा पेटवणे तत्काळ थांबावे. खिडक्या सदैव बंद ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने कोंदटपणा व संसर्ग वाढतो. त्या केव्हा उघडाव्यात, हे मोजमापावरूनच ठरेल. काही हजार रुपयांत मिळणारी उपकरणे सरकारी केंद्रांइतकी अचूक नसली, तरी आतल्या-बाहेरच्या हवेची तुलना करण्यास पुरेशी आहेत. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्या विषयाचे प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्गाची हवा मोजावी आणि आकडे सूचनाफलकावर लावावेत.

अर्थात, रस्त्यावरचा धूर महाविद्यालयाच्या झाडूने हटणार नाही. ते काम महापालिकेचे व शासनाचेच आहे. पण हिशेबच मांडला नाही, तर थकबाकी मागायची कशाच्या आधारावर? तो मांडण्याचे काम तरी आपण शिक्षकांनी आता लांबणीवर टाकू नये.