अळीला घडवलेला उपास

भिवंडीत वीज गेली हे कळायला दिव्याकडे पाहावे लागत नाही. यंत्रमागांचा खटखटाट एकाएकी थांबतो आणि त्या शांततेनेच गाढ झोपलेला माणूस जागा होतो. रात्रपाळी करून सकाळी थेट कॉलेजात येणारी मुले माझ्या वर्गात नेहमीच असतात. संतकाव्याच्या तासाला त्यांतला एकजण डुलक्या घेताना सापडला. मी म्हटले, "काय रे, रात्रभर कोणते महाकाव्य लिहीत होतास?"

"तारा जोडत होतो, सर. सूत सारखं तुटत होतं."

वर्ग हसला. मला मात्र हसू येईना. सूत तुटण्याची कारणे पुष्कळ असतात. पण त्यांतले एक यवतमाळ जिल्ह्यात, माझ्या माहेरच्या म्हणा हवे तर, काळ्या मातीत जन्म घेते. किडलेल्या बोंडातला कापूस डागाळतो, त्याचा धागा आखूड आणि दुबळा राहतो. आमच्याकडे त्याला 'कवडी' म्हणतात. भावही नावाला शोभेल असाच मिळतो!

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो, तेव्हा दादाने एक हिरवेगार बोंड तोडून माझ्या हातावर ठेवले. बाहेरून छिद्र नाही की डाग नाही. नखाने फोडले, तो आत गुलाबी रंगाची इवलीशी अळी सरकी पोखरत बसलेली! हीच गुलाबी बोंडअळी. शास्त्रज्ञांच्या दप्तरी तिची नोंद 1843 साली झाली, तीही भडोचच्या कपाशीवरून. अंड्यातून निघताच ती बोंडात शिरते आणि मागचे दार बुजून जाते. मग बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचणार कसे?

2002 साली बीटी कपाशी आली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण बियाण्यात घातलेला. अळीने पान खाल्ले की ती मरावी. 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. त्या पिशवीबरोबर साध्या कपाशीची एक लहान पुडीही मिळे. ती शेताच्या कडेला पेरायची, म्हणजे विषाची सवय नसलेले पतंगही थोडे शिल्लक राहतात, सवय झालेल्यांशी त्यांची जोडी जमते आणि ती सवय पुढच्या पिढीत पक्की होत नाही. पण अळीसाठी का कुणी जमीन सोडते? पुष्कळांनी ती पुडी बांधावर भिरकावली. त्यांत आमचे दादाही होते.

2017 साली हिशेब चुकता झाला. विदर्भभर बोंडअळीने कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. आमच्या दादालाही डोक्याएवढ्या पिकात फवारताना भोवळ आली. चार दिवस तो दवाखान्यात होता. वहिनी उशाशी बसून एकच विचारी, "दिसते का मी तुम्हांला?"

तेव्हापासून दादाची शेतीची रीत पालटली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ जे सांगतात, ते तसे साधेच आहे. जूनच्या आधी कपाशी लावायची नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे टांगायचे. त्यांत मादीचा कृत्रिम गंध असतो. नर पतंग भुलून येतो आणि अडकतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले, तरच औषधाचा विचार. आधी निंबोळी अर्क. दादा रोज सकाळी पतंग मोजून वहीत मांडतो. शाळेत त्याला पाढे कधी आले नाहीत, बरे का!

पण खरी गोष्ट याहून अवघड आहे. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. डिसेंबरात पीक संपवून पऱ्हाटी काढली, शेतात गुरे-मेंढरे चारली, तर पुढचा हंगाम येईपर्यंत तिला उपास घडतो. उलट पाणी देऊन फरदड ठेवली, तर तिची दिवाळी उन्हाळ्यापर्यंत चालते.

"फरदड ठेवणं म्हणजे अळीले घरजावई करून घेणं," दादा म्हणाला.

"मग लोक ठेवतात कशाला?"

तो जरा वेळ बोलला नाही. "दोन-तीन क्विंटल निघते ना, बाबू. त्याच्यात पोरीची फी भागते."

या उत्तरापुढे माझी एम. ए. ची पदवी गप्प बसली. दादाने फरदड सोडली. त्या वर्षीची पुतणीची फी मी भरली. पण शेजारच्या शेतात फरदड उभी असेल, तर पतंगाला बांध ओलांडायला कितीसा वेळ? जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीतूनही ते उडतात. एकट्याचा उपास इथे फळत नाही. सबंध गावानेच एकादशी धरावी लागते. आणि गावाने ती धरावी असे वाटत असेल, तर त्या दोन-तीन क्विंटलांची भरपाई कुठून होणार, याचा विचार शहरात सुती सदरे घालून बसलेल्या आपणही करायला हवा.

सुटी संपून वर्ग भरला, तेव्हा तो विद्यार्थी पुन्हा डुलक्या घेताना दिसला. या खेपेस मी त्याला उठवले नाही. तुटलेली तार जोडण्याचे श्रम किती जणांना पडतात, ते मी नुकतेच पाहून आलो होतो.