चार अगती आणि अधिकाऱ्याची कसोटी

राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्धांनी सिगाल या गृहपतिपुत्रास केलेला उपदेश दीघनिकायात 'सिगालोवाद सुत्त' म्हणून आला आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या त्या तरुणास तथागतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यांतील खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी. धन्याने त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थांत वाटा द्यावा आणि योग्य वेळी रजा द्यावी. कामकऱ्यानेही दिले असेल तेवढेच घ्यावे व काम चोख करावे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्वामी व सेवक यांच्या विनयास स्वतंत्र स्थान दिले, ते उगीच नव्हे.

ज्यांच्या वाडवडिलांनी वेठबिगारी केली, त्यांची मुले आज कार्यालयांत अधिकारी आहेत. अशा अधिकाऱ्यापुढे कधी एखादा कर्मचारी येऊन म्हणतो, "साहेब, न केलेल्या जादा कामाचे तास तेवढे मांडून द्या. आपण एकाच समाजाचे." नकार मिळताच तो म्हणतो, "खुर्ची मिळाली आणि समाज विसरलात!" हा घाव वर्मी बसतो. अशा वेळी काय करावे?

याच सुत्तात तथागतांनी चार अगती, म्हणजे माणसास आडवाटेला नेणाऱ्या चार गोष्टी, सांगितल्या आहेत : छन्द, दोस, मोह आणि भय. आपला माणूस म्हणून खोटे तास मांडणे हा छन्द. टोमणा झोंबला म्हणून त्याची हक्काची रजाही अडविणे हा दोस. नियम न पाहता 'हो' किंवा 'नाही' म्हणून टाकणे हा मोह. वस्तीत बदनामी होईल किंवा संघटना अंगावर येईल म्हणून नमणे हे भय. आमच्या मते यांतील दोस सर्वांत फसवा आहे. कारण रागाने घेतलेला निर्णय कर्त्याला करारी वाटतो.

म्हणून प्रथम मागणी पूर्ण ऐकावी. मग स्वतःस विचारावे, वर सांगितलेल्या पाच कर्तव्यांत आपण कोठे उणे पडलो काय? पुष्कळदा अवाजवी मागणीच्या तळाशी थकलेले वेतन किंवा झेपणार नाही इतके काम असते. ते दुरुस्त करणे हे आपलेच काम आहे. तसे नसेल तर मागणी लेखी घ्यावी, नियम दाखवावा, नकाराचे कारण सांगावे आणि दाद कोठे मागता येईल तेही सांगावे. चारचौघांत पाणउतारा करू नये. नकार मागणीला असावा, माणसाला नसावा.

लेखी नियमांचे मोल बाबासाहेब जाणत होते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1946 साली, औद्योगिक नोकरीतील स्थायी आदेशांचा कायदा झाला. मालकाने नोकरीच्या अटी निश्चित करून कामगारांना कळवाव्यात, हा त्याचा हेतू. लेखी नियम कामगाराला मालकाच्या लहरीपासून वाचवितो. तोच नियम न्यायी अधिकाऱ्याला भिडेपासून वाचवितो.

शतकानुशतके आपण पक्षपाताचे बळी ठरलो. तोच पक्षपात आपल्या हातून आपल्यांसाठी झाला, तरी तो न्याय ठरत नाही. समाजाचे ऋण खोट्या नोंदीने फिटत नाही. खऱ्या हक्कासाठी ठाम उभे राहिल्यानेच ते फिटते.