टायरच्या अंगावरचे आकडे



गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेला एक देखावा हटकून दिसतो. उसाने भरलेली ट्रॉली एका अंगाला कललेली, आणि चार माणसे पान्याशी झोंबत आहेत. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटते, उताराही घटतो. यातली बरीच खोळंबाखोळंबी टाळता येते. त्यासाठी टायरवर छापलेले आकडे वाचायला शिकले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आकडा काय सांगतो?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा आतल्या लोखंडी रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. काही टायरवर १३.६/१२-२८ असेही दिसते. त्यातला १२ हा त्याच मापाचा जुना आकडा. घोटाळा करून घेऊ नये. रेडियल टायरवर ३४०/८५ आर २८ असे असते. म्हणजे रुंदी ३४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८५ टक्के, रिम २८ इंच. हे माप १३.६-२८ च्याच जोडीचे.

‘पी.आर.’च्या आधीचा आकडा म्हणजे टायरची ताकद. पूर्वी तो आतल्या कापडी थरांची संख्या सांगत असे. आता तेवढे थर असतीलच असे नाही. लंबगोलातले चार आकडे जन्मतारीख सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. ‘नवाच आहे भाऊ’ असे दुकानदाराने म्हटले तरी हे आकडे वाचूनच पैसे मोजावेत.

आता एक गंमत बघा. जुन्या जीपचे टायर ६.००-१६, आणि कित्येक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचेही ६.००-१६! पण आकडा एक म्हणून टायर एक नव्हे. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवरच्या उभ्या पट्ट्या मातीत दिशा धरण्यासाठी असतात आणि तो सावकाश चालीसाठी बनवलेला असतो. तो जीपला चढवून राजूर घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आणि जीपला आणखी एक पथ्य आहे. पुढची-मागची चाके गिअरने एकमेकांशी बांधलेली असतात. एकाच बाजूचे माप बदलले, तर डांबरी रस्त्यावर ती एकमेकांना ओढतात आणि भुर्दंड गिअरला बसतो.

हवेचा हिशेब

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत शेतकामाला साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. कमी हवेने टायर पसरून बसतो, पकड चांगली मिळते, जमीन कमी दाबली जाते. खडकपूर्णेच्या आणि पैनगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत याचे मोल मोठे. ओल्यात दाबलेली सरी दगडासारखी होते आणि खोडव्याची मुळे तिथे अडतात. म्हणून वाफसा येऊ द्यावा आणि भरलेली ट्रॉली शक्यतो धुऱ्यानेच काढावी.

ट्रॉलीचे गणित मात्र उलटे. भरल्या ट्रॉलीत हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. हवा सकाळी टायर थंड असताना मोजावी. किती भरायची ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि टायरवर असते. गरम टायरची हवा वाढलेली दिसते, म्हणून ती सोडू नये.

चाक बदलताना

जागा सपाट व टणक पाहावी. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली बाभळीची जाड फळी घालावी. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून ब्रेक लावावा, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नये, ती उलार होते. जमेल तेवढा ऊस आधी उतरवावा.

चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. मग जॅक लावून आसाखाली लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नये. नट समोरासमोरचे आवळत जावे आणि एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावे.

मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरले असेल तर ते आधी काढावे. १३.६-२८ च्या टायरमध्ये शे-दीडशे लिटर पाणी असते. असे चाक अंगावर आले तर सावरत नाही. टायर बसवताना बाणाची दिशा पाहावी. मागे उभे राहून पाहिले की दातांचे टोक छपराच्या आढ्यासारखे वर हवे. उलटा बसला तर चिखलात पकड सुटते.

रिंगच्या चाकाला हातोडा नको

काही ट्रॉल्यांच्या आणि मालमोटारींच्या चाकांना लोखंडी लॉक रिंग असते. हवा भरताना ती नीट बसली नसेल तर गोळीसारखी सुटते. चाक काढण्याआधी वाल्व काढून सगळी हवा सोडावी. हवा भरली असताना रिंगवर ठोकू नये. हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी. हे काम जाणत्या पंक्चरवाल्याचेच; आपल्या पोरांना यात घालू नये.

हंगामाआधी घरच्या प्रत्येक टायरचे माप, पी.आर. आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि नवा टायर घ्यायला जाताना ती वही बरोबर न्या. ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा आणि गाडीवानही सुखरूप घरी यावा, एवढीच आमची इच्छा.