गणेशखिंडीतली मेन बिल्डिंग

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला विद्यार्थी सरळ ‘मेन बिल्डिंग’ म्हणतात. उंच मनोरा, कमानींचे व्हरांडे, समोर मोठी हिरवळ. आज तिथे कुलगुरूंचं कार्यालय आहे. मुळात हे घर बांधलं ते मुंबईच्या गव्हर्नरासाठी, तेही पावसाळा काढण्यापुरतं.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६४ साली काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. जेम्स ट्रबशॉ यांनी इटालियन वळणाचा आराखडा केला. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअरबाजारात भलेभले धुळीला मिळाले. गणेशखिंडीतलं बांधकाम मात्र थांबलं नाही. खर्च फुगतच गेला. १८७१ साली वाडा पुरा झाला, तेव्हा फ्रिअर केव्हाच विलायतेला परतले होते.

या वास्तूच्या इतिहासात मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते १८९७ साल. पुण्यात प्लेग होता. सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगने आजारी असलेलं एक पोर त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवलं होतं आणि त्याच रोगाने त्यांचा घास घेतला. त्यानंतर साडेतीन महिन्यांतच, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीतल्या या घरात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव थाटात साजरा झाला. मेजवानीहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर चापेकर बंधूंनी वाटेत गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच ठार झाला, रँड ३ जुलैला.

स्वातंत्र्यानंतर ही वास्तू नव्या राज्यकर्त्यांनाही राहायला भरपूर पुरली असती. बाळासाहेब खेरांच्या सरकारने ती भोवतालच्या चारशेहून अधिक एकर आवारासह १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला दिली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. जिथे निमंत्रण पत्रिकेशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथे नगर-नाशिकच्या खेड्यांतली मुलं-मुली कागदपत्रांची पिशवी घेऊन येऊ लागली. आतल्या एका भव्य दालनाला आज संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात.

जुनी वास्तू रिकामी ठेवून जपण्यापेक्षा ती वापरात ठेवून जपणं अवघड असतं. दगडी भिंतीतून वायरी न्यायच्या, गळती थांबवायची, फायलींना जागा करायची आणि तरी मूळ रूप बिघडू द्यायचं नाही. अलीकडे झालेल्या जीर्णोद्धारात ही कसरत बऱ्यापैकी साधली आहे.

२०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. इमारतीच्या दर्शनी भागात १८९७च्या मार्च आणि जून या दोन्ही महिन्यांची हकिकत शेजारी शेजारी लावावी, पदवी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.