न जुळणारे रंग

गेल्या फाल्गुनात आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दुपारी ती आपल्या खोलीत बसून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा हाताने झाकत समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मग म्हणाली, "अगं, ही भिंत निळी आहे होय? मी इतकी वर्षं मळकी समजत होते."

त्यात नवल काही नव्हतं. मोतीबिंदू वाढतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि प्रकाशातला निळा भाग अडवून धरतं. नवल वाटलं ते आठवड्याने. आईला खोलीसाठी मोरपंखी आणि डाळिंबी हे दोन रंग हवे होते. दादा म्हणाला, "हे रंग एकमेकांना मारतात." रंगाऱ्यानेही शेडकार्ड मिटून ठेवलं. पण बाबा गेल्यापासून १९ वर्षं आईने फिकट साड्यांखेरीज काही अंगाला लावलं नव्हतं. मला नाही म्हणवेना. रंग 'जुळत नाहीत' म्हणजे नेमकं काय होतं, हे मी शोधू लागले.

या प्रश्नाचं शास्त्र एका तक्रारीतून उभं राहिलं. पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकामशाळेत १८२४ मध्ये मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो, अशी कारागिरांची कुरकुर होती. शेव्हरलने धागा तपासला, तर रंगाईत खोट नव्हती. खोट शेजाराची होती. कोणताही रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी रंगाची झाक टाकतो. निळ्याची झाक नारिंगी, जांभळ्याची पिवळसर. त्या उजळ झाकेने काळा विटल्यासारखा दिसे. हा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

आता आमच्या भिंतीकडे येऊ. लाल आणि निळसर हिरवा हे जवळजवळ विरोधी रंग. म्हणजे ते एकमेकांना मारत नाहीत, उलट चढवतात. लाल अधिक लाल दिसतो, हिरवा अधिक हिरवा. मग डोळ्यांना त्रास का होतो? मी पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे घेऊन करून पाहिलं. पहिल्यावर दोन्ही रंग निम्मेनिम्मे, सारख्याच उजळपणाचे लावले. दोघांच्या सीमारेषेवर डोळा ठरेना. ती रेघ थरथरल्यासारखी वाटे. दुसऱ्यावर मोरपंखी गडद केला, डाळिंबी थोडाच ठेवला आणि मध्ये दोन बोटं पांढरी पट्टी सोडली. थरथर गेली.

हा पुठ्ठा पाहून आई उठली आणि पेटीतून एक जुनं इरकल काढून आणलं. मोरपंखी अंग, लाल पदर. तिचे रंग कुठून आले ते मला तेव्हा कळलं. इरकलात अंग मोठं, पदर लहान. पदराच्या लालात पांढरे पट्टे. दोन्हींचे ताणे वेगळे असतात आणि विणकर ते एकमेकांत अडकवून जोडतो. शेव्हरलचं नाव न ऐकलेल्या विणकरांनी प्रमाण आणि सीमा हे दोन्ही प्रश्न मागावर सोडवलेले होते.

तिसरा प्रश्न उजेडाचा. पुठ्ठा मी दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी मोरपंखी निळा वाटे, रात्री पिवळ्या दिव्याखाली हिरवा. शिवाय शेडकार्डावरचा बोटभर रंग अख्ख्या भिंतीवर कितीतरी भडक दिसतो. म्हणून मोठा नमुना, त्याच भिंतीवर, दिवसाच्या तिन्ही वेळी पाहावा. घरातल्या बहुतेक 'चुकलेल्या' रंगांत रंग चुकलेला नसतो; प्रमाण, सीमा किंवा उजेड चुकलेला असतो.

याच ओघात क्लोद मोने आठवला. १८८३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, तो जिव्हर्नीच्या घरात राहिला. त्याचं जेवणघर भिंतींपासून कपाटांपर्यंत पिवळं, दोन छटांत. शेजारचं स्वयंपाकघर निळ्या फरशांचं. पिवळ्यातून उघड्या दाराने निळं दिसतं. याच मोनेच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू १९२३ मध्ये काढला आणि त्यानंतर रंग वेगळेच दिसू लागल्याने तो त्रासून गेला.

आई त्रासली नाही. तिच्या पलंगामागची भिंत आता मोरपंखी आहे, कोनाडा आतून डाळिंबी, आणि कोनाड्याभोवती पांढरी चौकट. दादा अजून दारातून आत डोकावून मान हलवतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर रोज सकाळी आई एकेक डोळा झाकून भिंत तपासते, आणि दादाच्या खोलीचा रंग तूर्त कुणी ठरवू नये, असं तिने बजावलं आहे.