किल्ली होती, गाडी नव्हती!

तुमची पहिली गाडी सध्या कुठे आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मलाही नव्हतं. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना बाबांच्या ड्रॉवरमध्ये एक किल्ली सापडेपर्यंत!

किल्ली आमच्या पांढऱ्या मारुती ८०० ची. १९९९ चं मॉडेल. बाबांनी हौसेनं घेतलेली, आणि २००८ मध्ये मला नोकरी लागल्यावर माझ्या नावावर करून दिलेली. २०१३ मध्ये एक्स्चेंज बोनसच्या मोहात मी ती फुंकून टाकली. बाबा तेव्हा गावी होते. दुसरी किल्ली सापडेना म्हणून एजंटने हजार रुपये कापले. बाबा परतले, पार्किंगमधली चकाचक गाडी पाहिली आणि फक्त ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर आमच्याकडच्या एकाही गाडीच्या स्टीअरिंगला त्यांनी हात लावला नाही. मला वाटायचं, वय झालं. किल्ली बघितली आणि ट्यूब पेटली.

खरं तर त्या गाडीत होतं काय? ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं चिमुकलं इंजिन. पण १९८३ च्या डिसेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, तिथपासून जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत कितीतरी घरांत ‘आपली गाडी’ म्हणजे हीच होती. आमच्याही.

नंबर पाठ होता. एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला. मनात धाकधूक, भंगारात गेली असेल तर? पण आरसी चक्क ‘अ‍ॅक्टिव्ह’! २०२४ मध्ये नोंदणीचं नूतनीकरणही झालेलं. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती. म्हणजे पंचवीस वर्षांच्या ८०० वर कुणीतरी एवढे पैसे घातले होते. मालकाचं नाव मात्र अर्धं फुल्यांमागे. पत्ता नाही, फोन नाही.

मग माळ्यावरची फाईल काढली. त्यात ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० च्या झेरॉक्स. खरेदीदार साताऱ्याचे एक शिक्षक. त्यांनी गाडी तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराला विकलेली. दोन रविवार, चार फोन, आणि पत्ता हातात!

बाबांना म्हटलं, ‘चला, एक चक्कर मारून येऊ.’ खंबाटकीचा चढ लागला तसे बाबा सवयीने म्हणाले, ‘एसी बंद कर.’ ८०० मध्ये करावाच लागायचा. मी निमूटपणे केला.

गाडी बागेच्या कडेला, शेडमध्ये उभी होती. रंग उडालेला, सीट कव्हर नवं. मागच्या दारावर माझ्या हातून पडलेला पोचा तसाच. खिशात पैशांचं पाकीट घेऊन गेलो होतो. विषय काढताच मालक हसले. ‘विकायची न्हाई बघा. पोरगी शिकतीय हिच्यावर.’

बाबांनी किल्ली काढली, दाराला लावली. खट्ट! दार उघडलं. ते आत बसले, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, बराच वेळ. मग उतरले आणि किल्ली त्या मुलीच्या हातावर ठेवली. ‘घरात दुसरी असावी, बाळा.’

निघताना मी म्हटलं, ‘बाबा, तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं मी.’

‘हवं होतंस,’ ते म्हणाले. मग हात पुढे केला. ‘दे किल्ली. कराडपर्यंत मी चालवतो.’

तुम्हालाही शोधायचीय?

• आधी एम-परिवहनवर आरसीचं स्टेटस बघा. तिथून फोन नंबर मिळणार नाही. जुन्या विक्रीचे कागद उपयोगी पडतात.

• विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर दिसते? लगेच हालचाल करा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे.

• नव्या मालकाला आधी फोन करा. गाडी आता त्यांची आहे!